‘ड’च्या इंजेक्शनने दात लवकर सरकतात?

महोदय,
दातांना तारा लावल्यावर दात लवकर सरकावेत म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मागणारे वाढलेत. प्रयोगांत वापरतात ते कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ‘ड’चे सक्रिय रूप, अत्यल्प मात्रेत, थेट सरकत्या दाताच्या मुळालगत. १९८८मध्ये मांजरांवर २१ दिवसांत दात सुमारे ६० टक्के अधिक सरकला. माणसांवरचे अभ्यास मात्र छोटेच. दंडात टोचतात ते ६ लाख युनिटांचे औषध वेगळे. ते यकृत आणि मूत्रपिंडातून गेल्यावरच सक्रिय होते, तेही सगळ्या शरीरात, ठरावीक दातापुरते नव्हे. गरज नसताना वारंवार घेतले तर रक्तातले कॅल्शियम वाढते, मूतखड्याचा धोका वेगळाच. तारांनी सुळा महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. जास्त ताण दिला तर मुळे झिजतात. घाई असेल तर तपासणीच्या तारखा चुकवू नका आणि ब्रॅकेट (तार धरणारा, दातावर चिकटवलेला तुकडा) निखळला की लगेच चिकटवून घ्या.

– एक ऑर्थोडॉन्टिस्ट, पुणे