यादी कोणत्या तारखेची धरणार, ते गावाला आधी कळू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या दिवशी सकाळीच मी मतदान करून शाळेच्या फाटकाबाहेर उभी होते. तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी समोर आला. आता तो दोन लेकरांचा बाप आहे. मिरची तोडायला तेलंगणात गेला होता आणि केवळ मतदानासाठी रात्रभर प्रवास करून आला होता. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "बाई, कार्ड त आहे ना जी, मंग यादीत नाव कसं नाही?" मी टेबलावरच्या यादीत बोट फिरवत तीन वेळा शोधलं. त्याच्या बायकोचं नाव होतं, म्हाताऱ्या आईचं होतं. चार वर्षांपूर्वी वारलेल्या बापाचंही होतं. त्याचंच तेवढं नव्हतं. 'कायमचे स्थलांतर' असा शेरा मारून ते वगळलं होतं.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे. नऊ वर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघरी फिरून मतदार यादी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचं, काम केलं आहे, म्हणून हा शेरा कसा पडतो ते मला ठाऊक आहे. घरोघरी फिरताना दाराला कुलूप दिसतं. शेजारीण सांगते, "ते गेले." आमच्या भागात 'गेले' म्हणजे मिरचीला गेले, दोन-तीन महिन्यांनी येतील. वहीत मात्र 'स्थलांतरित' असं लिहिलं जातं. एकदा माझ्या हातूनही असं झालं होतं. त्या घरची बाई परत आल्यावर रडत माझ्याकडे आली, आणि तेव्हापासून कुलूप दिसलं की मी फोन लावल्याशिवाय काही लिहीत नसे. कायदा त्या मजुराच्या बाजूनेच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 च्या कलम 20 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यामुळे त्या ठिकाणचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. नाव वगळण्याआधी त्याला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी, असाही नियम आहे. पण नोटीस बंद दाराला चिकटवली आणि माणूस दीडशे कोसांवर मिरचीच्या वावरात असला, तर ती संधी त्याला मिळाली असं कसं म्हणायचं?

तरी त्या दिवशी मला सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. त्याचं नाव गेल्याचं मतदानाच्या आधी गावात कुणाच्या लक्षात आलं असतं, तरी ग्रामपंचायतीच्या यादीपुरता त्याचा फारसा उपयोग झाला नसता. ही गोष्ट गावात शंभरातल्या पाच जणांनाही माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण त्यांच्यासाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशी जशी असेल तशी उचलायची आणि तिचे प्रभागवार तुकडे करायचे, अशी पद्धत आहे. तो दिवस राज्य आयोग अधिसूचित करतो. त्यानंतर विधानसभेच्या यादीत नाव चढलं तरी त्या निवडणुकीत मत देता येत नाही. प्रभागाची प्रारूप यादी लागते आणि हरकती मागवल्या जातात, तेव्हा लोक फॉर्म घेऊन धावतात. पण तिथे फक्त लेखनिकाची चूक, नाव दुसऱ्या प्रभागात जाणं किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव सुटणं एवढंच दुरुस्त होतं. नवं नाव घेतलं जात नाही, मयताचं काढलंही जात नाही. रोजी बुडवून तालुक्याला आलेल्या माणसाला तिथे "आता काही होत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. का होत नाही, ते कुणी सांगत नाही.

नगर परिषदांच्या गेल्या निवडणुकीचं उदाहरण घ्या. यादीसाठी 1 जुलै 2025 ही तारीख धरली होती आणि बहुतेक ठिकाणी मतदान झालं 2 डिसेंबरला. मधले पाच महिने गेले. ऑगस्टमध्ये अठरा वर्षं पूर्ण झालेली पोरं-पोरी मतदानाच्या दिवशी कायद्याने सज्ञान होती, पण मत देऊ शकली नाहीत. याउलट लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेला नमुना 6, म्हणजे नव्याने नाव नोंदवायचा अर्ज, विचारात घेतला जातो. मुंबई-दिल्लीला माणसं पाठवायच्या निवडणुकीत दार शेवटपर्यंत उघडं राहतं, आणि आमच्या नळाच्या, नालीच्या, घरकुलाच्या निवडणुकीत ते महिनोन्‌महिने आधी लागतं, हे मला पटत नाही. गावचा प्रभाग केवढासा असतो! दोन-चार मतांनी माणसं पडतात, आणि बरोबरीची मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागतो. अशा ठिकाणी एक नाव सुटणं ही लहान बाब नाही.

प्रभाग पाडायला, याद्या फोडायला, छापायला वेळ लागतो, हे मी स्वतः ते काम केल्यामुळे जाणते. म्हणून तारीख नकोच असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की, ती तारीख उलटण्याच्या निदान दोन महिने आधी गावात कळली पाहिजे. आजवर माझ्या पाहण्यात ती गावाला कळली तेव्हा नेहमीच मागे पडलेली होती. वर्तमानपत्रातल्या चार ओळी किंवा तहसीलच्या फलकावरचा कागद म्हणजे कळवणं नव्हे. कोतवालाने दवंडी द्यावी, रेशन दुकानात, दूध संकलन केंद्रावर, अंगणवाडीत कागद लावावा, बचत गटांच्या बैठकीत सांगावं.

यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. 1 ऑगस्ट 2022 पासून वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण असली की नाव नोंदवता येतं ते दिवस, झाले आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. पूर्वी एकच होता, जानेवारीचा. आणि आमच्याकडे ग्रामसभा होतात त्या साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला. दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघा. प्रत्येक अर्हता दिनांकानंतर दीड महिन्याच्या आत एक ग्रामसभा येतेच. सातबाऱ्याचं चावडी वाचन होतं तसं या चारही ग्रामसभांत यादीचं वाचन व्हावं. कोणाचं नाव आलं, कोणाचं वगळलं आणि कोणत्या कारणाने, हे बीएलओने मोठ्याने वाचावं. 'स्थलांतरित' म्हटलं की चार लोक जागीच सांगतील, "तो मिरचीला गेला जी, होळीला येते." एवढ्या वर्षांत आम्ही बीएलओंनी घरोघरी फिरून जे पकडलं नाही, ते भरल्या सभेत पाच मिनिटांत पकडलं जाईल.

वेळेचाही विचार व्हावा. यादीच्या वार्षिक पुनरीक्षणाची मोहीम बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, आणि तेव्हा आमच्या धानपट्ट्यात कापणी-बांधणी चालू असते. बीएलओ दुपारी बारा वाजता दारात उभा राहतो, तेव्हा घरात म्हातारं माणूस आणि कोंबड्या. विशेष शिबिरं शनिवार-रविवारी ठेवतात, ती नोकरदारांना सोयीची. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी बाजाराच्या जागीच टेबल लावलं, तर सगळा परिसर आपल्या पायांनी येईल.

सुनांचं वेगळंच दुखणं आहे. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरी असतं. तिला पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरायचा असतो, पण कुणीतरी हाती नवा नमुना 6 देतं आणि त्यावर 'माझं नाव इतरत्र नाही' अशा मजकुराखाली तिची सही घेतं. खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असं त्याच 1950 च्या अधिनियमाचं कलम 31 सांगतं. त्या बिचारीला आपण कशावर सही करतोय हेही माहीत नसतं. ग्रामसेवकांनी विवाह नोंदणीच्या वेळीच नमुना 8 पुढे ठेवला तर हा प्रश्न तिथेच मिटेल. तसंच मृत्यूचा दाखला देताना नाव वगळण्याचा नमुना 7 भरून घ्यावा. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, तेव्हा अकरावी-बारावीच्या वर्गातच ते भरून घ्यावेत.

बीएलओंवर राग काढू नका, एवढी वाचकांना विनंती. शाळा किंवा अंगणवाडी सांभाळून त्या हे काम करतात, जंगलपट्ट्यात अ‍ॅपला रेंज मिळत नाही म्हणून टेकडीवर जाऊन माहिती चढवतात. चूक होते ती बरीचशी घाईमुळे, आणि घाई होते ती तारखा उशिरा कळल्यामुळे.

माझ्या विद्यार्थ्याचं नाव आम्ही पुन्हा नमुना 6 भरून चढवलं. यंदा मिरचीला निघताना तो घरी आला, बायकोचं आणि स्वतःचं अशी दोन्ही कार्डं माझ्याकडे ठेवायला दिली आणि म्हणाला, "बाई, यादीची तारीख लागली की फोन करा जी, मी येतो." राज्य निवडणूक आयोगाने ती तारीख वेळेवर जाहीर केली, तर मी त्याला त्याच दिवशी फोन करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. चंद्रपूर