पैसे एकाच्याच लशीपुरते असतील तर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागिणीच्या लशीवरून आपल्या पानावर चाललेली पत्रापत्री वाचते आहे. एक पक्ष म्हणतो, ही निव्वळ लूट आहे. दुसरा म्हणतो, पन्नाशी उलटली की डोळे मिटून टोचून घ्या. लिहिणारे बहुतेक पुरुष, आणि पत्रात 'मी घेतली' किंवा 'मी घेणार नाही' एवढंच. घरात आणखी एक म्हातारं माणूस असतं, त्याचं काय ठरलं, ते कुणी लिहिलं नाही.

आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवात हाच विषय निघाला. ज्या घरांत ही लस पोचली आहे, त्यांतल्या बहुतेक घरांत ती नवऱ्याने घेतली आहे. बायकांची उत्तरं ऐकण्यासारखी होती. "यांना शुगर आहे ना." "मला मेलीला काय होतंय!" आणि सगळ्यांत आवडतं उत्तर, "मी तर घरातच असते."

घरात बसून नागीण टळत असती तर काय हवं होतं? ती बाहेरून येतच नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. त्याला सराफ्याच्या गर्दीची गरज नाही. मधुमेहाने धोका वाढतो, ते खरंच. पण नागीण पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होते, हेही देशोदेशींच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ही गोष्ट आमच्या हळदीकुंकवातल्या एकीच्याही कानावर आलेली नव्हती.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना झाली तेव्हा मी जवळून पाहिलं. उजव्या बरगडीवर पाठीपासून पुढे आलेला फोडांचा पट्टा. पहिले दिवस गेले गेरूच्या लेपात आणि दुर्वा-तांदूळ वाटण्यात. नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातं, म्हणून शेजारणी येऊन पट्टा कुठवर आला ते बघत. एका तंतूची हद्द शरीराच्या एकाच बाजूची, पट्टा सहसा मध्यरेषेशी येऊन थांबतो. तोंडं जुळायची कुठून? खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची हवी होती. असायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी किंवा त्याच जातीची गोळी पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर उपयोग सगळ्यांत जास्त. एकीकडे अंगावर पट्ट्यासारखी आग आणि पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, लस घेतलेली असो वा नसो.

फोड वाळले, खपल्या पडल्या, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि त्यानंतर खरं दुखणं सुरू झालं. पोळ्या लाटताना त्या उजवं कोपर बरगडीपासून लांब धरून लाटत, कारण ब्लाउजची शिवण घासली तरी डोळ्यांत पाणी येई. इंदूरची पौषातली थंडी, पण अंगावर शाल नाही. शालीचा स्पर्शच सोसवत नव्हता. दुखण्यावर प्रेगाबालिन दिलं, तर दिवसभर झापड. पोळ्या मात्र वेळेवर होत होत्या, त्यामुळे घरात कुणाला हे आजारपण वाटलंच नाही. पुरळ गेल्यावरही मागे राहणारी ही वेदना काहींची महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही, आणि वय जितकं जास्त तितका तिचा धोका जास्त. लशीचे पैसे मोजायचे ते मुख्यतः ही वेदना टाळण्यासाठी. फोडांचं काय, ते वाळतातच.

आता लुटीबद्दल. शिंग्रिक्स ही नागिणीची लस आपल्याकडे 2023 पासून मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. दवाबाजारात विचारलं तर एका डोसला दहा हजारांच्या वरचा आकडा सांगतात, म्हणजे नवरा-बायकोचे मिळून चाळीस हजारांहून जास्त. पेन्शनीत हा आकडा बोचतो, नाही कसा म्हणू? पण महाग आहे म्हणून खोटी आहे असं होत नाही. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांत हिने सुमारे 97 टक्के नागीण रोखली, सत्तरीपुढच्यांत सुमारे 90 टक्के. त्याच लोकांना पुढे तपासत राहिले, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंतही संरक्षण 80 टक्क्यांच्या आसपास टिकलेलं दिसलं. आधीची जिवंत विषाणूची लस हिच्यापुढे टिकली नाही, अमेरिकेत 2020 मध्ये ती बंदच झाली. मात्र या चाचण्या अठरा देशांत झाल्या आणि त्यांत भारत नव्हता, हेही जाहिरातीत यायला हवं. भीती घालायला जागा मिळते, एवढ्याला मिळत नाही.

लशीने विसरभोळेपणा टळतो असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यात तथ्य आहे, पण अर्धंच पुढे पाठवलं जातं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये 2 सप्टेंबर 1933 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस घेता येत होती, त्याआधीच्यांना नाही. एका तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या या म्हाताऱ्यांची तुलना करून 2025 मध्ये अभ्यास छापून आला. लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी होता. पण ती जुनी लस होती, आजची नव्हे. आणि फायदा बायकांमध्ये जास्त दिसला. हे वाक्य मला आलेल्या एकाही निरोपात नव्हतं!

म्हणून माझं म्हणणं असं. बीपी-शुगरच्या गोळ्या पुरवून पुरवून खाणाऱ्या घराने आधी त्या गोळ्या नीट आणाव्यात, लशीसाठी कर्ज काढू नये. पैसे असतील तर दोघांनी घ्यावी. आणि एकाचेच असतील, तर पासबुक कुणाच्या नावाचं आहे ते न बघता धोका कुणाला जास्त आहे ते बघावं. केमो चालू आहे का, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेत का, शुगर किती, वय किती. आमच्या घरी हेच केलं. यांची तब्येत ठणठणीत, मला संधिवात आणि त्यावरची, प्रतिकारशक्ती दाबणारी मेथोट्रेक्सेट चालू. यांनी स्वतःच्या डोसची चौकशीही करून ठेवली होती. डॉक्टरांनी दोघांची फाइल पाहून सांगितलं, आधी बाईंना. आमचे हे दोन दिवस जरा गप्प होते, मग स्वतःच मला घेऊन गेले.

टोचल्यावर दंड चांगलाच ठणकतो, ताप-अंगदुखी एक-दोन दिवस राहू शकते. फराळ करायच्या आठवड्यात घेऊ नका. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, तेव्हा वैशाखाच्या उन्हात पिशवीत टाकून आणण्यापेक्षा जिथे टोचणार तिथेच मागवायला सांगावी.

सरकारचा लसीकरण कार्यक्रम मुलांचा आणि गरोदर बायांचा, म्हाताऱ्यांना त्यात जागा नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं हे चांगलंच, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावरचं; ही लस त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर 2023 पासून 65 वर्षांपुढच्यांना ती मोफत आहे. आपल्याकडे लगेच तसं होईल असं मी समजत नाही. पण निदान इथल्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलात ज्येष्ठांना सवलतीच्या दरात ती मिळण्याची सोय करावी, आणि तोवर इंदुरातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळांनी एकत्र मागणी नोंदवून भाव कमी करून घ्यावा. सहलीची बस ठरवताना बरी घासाघीस जमते आपल्याला.

एक शेवटचं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने बेत केला होता की दोन डोस आहेत तर दोघांनी एकेक वाटून घेऊ, म्हणजे भांडण नको. तसं करू नका. चाचण्यांतले हे आकडे दोन डोस घेतलेल्यांचे आहेत. त्या गृहस्थांचा एक डोस झाला असेल तर दुसराही त्यांनाच द्यावा, आणि वहिनींचं खातं वेगळं उघडावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सुदामानगर, इंदूर