चार दिवस आधी कळलेली मुदतवाढ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ११ जानेवारी २०२२ ला परिपत्रक काढून आयकराच्या ऑडिट अहवालाची मुदत १५ जानेवारीवरून १५ फेब्रुवारी केली आणि ऑडिट लागणाऱ्यांच्या रिटर्नची १५ फेब्रुवारीवरून १५ मार्च. ‘दिलासा’ या शब्दाखाली ही बातमी सगळीकडे आली. पण मुदत संपायला चार दिवस उरलेले असताना हा दिलासा नेमका कुणाला मिळाला? सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्यांचे आणि कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांचे हिशेब तोवर रात्री जागून, मिळाले त्या कागदांवर बंद करून झाले होते. व्यापाऱ्यांकडून येणारी येणे-देणे बाकीची खात्री-पत्रे आली नव्हती, साठ्याचे आकडे पुन्हा तपासायचे राहिले होते. मुदत आहे हे आधी कळले असते, तर ही कामे नीट झाली असती.

आमची तक्रार मुदतवाढीबद्दल नाही, ती केव्हा जाहीर होते याबद्दल आहे. वेळेवर निर्णय घेता येतो हे मंडळाने स्वतःच दाखवले आहे. २० मे २०२१ च्या परिपत्रकाने ऑडिट नसलेल्यांच्या रिटर्नची ३१ जुलैची तारीख ३० सप्टेंबर झाली, म्हणजे ७२ दिवस आधी सांगितले. ९ सप्टेंबरला ती ३१ डिसेंबर केली, तेव्हाही २१ दिवस हातात होते. त्याआधीच्या वर्षी मात्र ३१ डिसेंबर २०२० ची मुदत वाढल्याचे ३० डिसेंबरला कळले, आणि वाढ किती, तर १० जानेवारीपर्यंत. आता पुन्हा चार दिवसांवर आलो. म्हणजे नियम असा काही नाहीच.

मधल्या ३१ डिसेंबर २०२१ ला काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ऑडिट नसलेल्यांना वाढ मिळणार नाही असे त्या दिवशी सांगण्यात आले आणि कारण दिले ते आकड्यांचे. दिवस संपला तेव्हा एकूण ५.८९ कोटी रिटर्न भरली गेली होती, त्यातली ४६.११ लाख शेवटच्या एका दिवसात. म्हणजे पोर्टल ठीक आहे! मग अकरा दिवसांनी निघालेल्या परिपत्रकात कोविडमुळे आणि ऑडिट अहवाल ऑनलाइन भरताना अडचणी येत असल्याचे मंडळानेच लिहिले. या ५.८९ कोटींतली जवळजवळ निम्मी रिटर्न आयटीआर-१ ची, म्हणजे पगार, पेन्शन, एक घर आणि व्याज अशा साध्या उत्पन्नाची होती. मोबाइलवरूनही भरता येईल असा तो फॉर्म आहे. त्या संख्येवरून ३सीबी-३सीडी हा ऑडिट अहवालाचा फॉर्म कसा चालतो हे ठरवता येत नाही.

तो कसा चालतो, ते वाचकांना थोडे तपशिलात सांगायला हवे. करदात्याने आधी स्वतःच्या लॉगिनमधून ‘माय सीए’मध्ये सीएचे नाव जोडायचे आणि फॉर्म त्याच्याकडे सोपवायचा. सीएने आपल्या लॉगिनमधून तो स्वीकारायचा, युटिलिटीत (विभागाच्या फॉर्म भरण्याच्या प्रोग्राममध्ये) माहिती भरून जेसन फाइल बनवायची, ती ताळेबंदासह अपलोड करायची आणि डीएससीने (यूएसबी टोकनमधल्या डिजिटल सहीने) सही करायची. मग फॉर्म परत करदात्याच्या वर्कलिस्टमध्ये येतो आणि त्याने मान्यता दिली की दाखल होतो. दोन माणसे, दोन लॉगिन, बहुतेकदा दोन टोकन. एका टोकाचे सेशन मध्येच तुटले की दुसऱ्याला काही दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ डीएससीत जातो. नव्या पोर्टलवर प्रत्येकाला सही पुन्हा नोंदवावी लागली, जुनी नोंद पुढे आलीच नाही. भागीदारी पेढीत सही नोंदवायची ती भागीदाराच्या वैयक्तिक लॉगिनमध्ये, पेढीच्या नाही. शिवाय पेढीच्या प्रोफाइलमध्ये मुख्य संपर्क म्हणून त्याच भागीदाराचे पॅन असावे लागते. हे न जुळल्यास पडद्यावर चुकीचे टोकन असा संदेश येतो आणि लोक टोकनच बदलत बसतात. टोकन जोडण्याआधी एमसाइनर हा सहीचा प्रोग्राम सुरू आहे का हे पाहावे, सर्टिफिकेटवरचे नाव पॅनशी अक्षरशः जुळते का तेही. साठ टक्के अडचण इथेच सुटते असे आम्ही म्हणणार नाही, आकडा कुणी मोजलेला नाही, पण सुरुवात इथूनच करावी.

महामारीने यात एक भर घातली. ज्या घरातला कर्ता कोविडने गेला, त्याचे रिटर्न वारसाने भरायचे असते. त्यासाठी वारसाने आपल्या लॉगिनमधून प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची. मृत्यू दाखला, मयताचे पॅन, वारसाचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. न्यायालयाचा वारस दाखलाच हवा या समजुतीने अनेक जण महिनोन्‌महिने थांबतात. वास्तविक महसूल अधिकाऱ्याचा हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा खात्यावरील नॉमिनीचा तपशील देणारे बँकेच्या लेटरहेडवरचे शिक्क्याचे पत्रही चालते. अर्ज गेला तरी विभागाच्या मंजुरीची वाट पाहावी लागते, आणि तो काळ मुदतीतून कुणी वजा करत नाही.

उशीर झाला तर काय, पाच हजार भरा, असे सहज बोलले जाते. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर विलंब शुल्क हजार रुपयेच आहे. खरे नुकसान वेगळे असते. २०२०-२१ हे लॉकडाऊनचे वर्ष. हॉटेल, मंगल कार्यालय, कापड दुकान, प्रवासी वाहतूक यांत कित्येकांना निव्वळ तोटा झाला. धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षे नफ्यातून वजा करता येतो, पण अट अशी की रिटर्न मुदतीत भरलेले असले पाहिजे. ३१ डिसेंबरऐवजी १ जानेवारीला भरले की तो हक्क गेला (घसारा आणि घराच्या कर्जव्याजाचा तोटा तेवढा वाचतो). सहा लाखांचा तोटा पुढे २० टक्क्यांच्या टप्प्यात वजा झाला असता, तर सेससह १,२४,८०० रुपये कर वाचला असता. पाच हजार यासमोर किरकोळ आहेत. नव्या कररचनेत जाऊ पाहणाऱ्या व्यावसायिकांचेही तसेच. त्यांनी २०२२ च्या नियमाप्रमाणे फॉर्म १०-आयई मुदतीत भरून त्याचा पोचक्रमांक रिटर्नमध्ये लिहायचा असतो. तो राहिला की त्या वर्षापुरता पर्याय संपला.

तोटा पुढे नेण्याबाबत ज्यांची मुदत हुकली, त्यांनी कलम ११९(२)(ब) खाली माफीचा अर्ज करावा. २०२२ च्या मर्यादेप्रमाणे दावा दहा लाखांपर्यंत असेल तर प्रधान आयुक्तांकडे, पन्नास लाखांपर्यंत मुख्य आयुक्तांकडे, त्यावर मंडळाकडे. अर्जाला इस्पितळाचे कागद, कंटेनमेंट झोनचा आदेश, पोर्टलवरील त्रुटीचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट जोडावेत. नुसते ‘पोर्टल चालत नव्हते’ या वाक्यावर अर्ज टिकत नाही.

व्याजाची गोष्ट तर अनेकांना चलन भरतानाच कळते. मुदत वाढली तरी उशिरा रिटर्नबद्दलचे कलम २३४ए चे व्याज सगळ्यांना माफ नाही. टीडीएस आणि आगाऊ कर वजा जाता देणे एक लाखाच्या वर असेल, तर व्याज मूळ तारखेपासूनच दरमहा एक टक्का लागते. देणे ९९,००० असलेल्याला काही नाही आणि १,०१,००० असलेल्याने ३१ डिसेंबरला भरले तर पाच महिन्यांचे ५,०५० रुपये, तेही पूर्ण रकमेवर. आता ही मूळ तारीख कोणती? ३१ जुलै २०२१. नोकरदाराला फॉर्म १६ देण्याची वाढीव मुदतही तीच, ३१ जुलै. हातात फॉर्म १६ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी व्याजाचे मीटर सुरू! सांगलीत तर कृष्णेचे पाणी जुलैच्या अखेरच्या आठवड्यात शहरात होते. १ ऑगस्टला लोक दुकानांतला चिखल काढत होते.

त्याच सुमारास पोर्टलने मुदत संपली असे समजून विलंब शुल्क आणि जादा व्याजही लावले. सॉफ्टवेअर १ ऑगस्टला दुरुस्त केल्याचा आणि जादा रक्कम परत मिळेल याचा खुलासा विभागाने ११ ऑगस्टला केला. मधल्या दहा दिवसांत भरणाऱ्याने काय समजायचे?

यंदासाठी एक उपाय आहे. ऑडिट नसलेल्यांनी फॉर्म निघोत न निघोत, ढोबळ हिशेब करून स्वयंनिर्धारण कर ३१ जुलैपूर्वी चलन २८० ने भरून टाकावा. त्या रकमेवर मग २३४ए लागत नाही. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांनी मूळ मुदतीत भरलेला कर तर आगाऊ कर धरला जातो, हे २० मेच्या परिपत्रकातच स्पष्ट आहे.

हे सगळे निस्तरायला वर कोण होते? मुदत शिथिल करण्याचा अधिकार कलम ११९ खाली मंडळाचा, म्हणजे अध्यक्ष आणि सदस्यांचा. अध्यक्ष प्रमोदचंद्र मोदी यांना निवृत्तीनंतर आधी वर्षभराची, मग सहा महिन्यांची, मग तीन महिन्यांची वाढ मिळाली, ती ३१ मे २०२१ ला संपली. (अध्यक्षपदालाही शेवटी मुदतवाढच.) त्यानंतर जे. बी. महापात्र यांच्याकडे तीन महिन्यांचा अतिरिक्त कार्यभार आला. जुने पोर्टल १ जूनला बंद झाले, नवे ७ जूनला उघडले. ४,२४१.९७ कोटींचा मंजूर प्रकल्प, दुसरी लाट ओसरलेली नाही, आणि त्याच आठवड्यात प्रमुखाच्या खुर्चीवर हंगामी नेमणूक. कुणा एका अधिकाऱ्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण पोर्टल बदलायचे होते तर रिटर्नचा हंगाम टाळून बदलता आले असते आणि जुने काही महिने बाजूला चालू ठेवता आले असते, हा निर्णय कुणीतरी घ्यायला हवा होता. अर्थमंत्र्यांना २३ ऑगस्टला इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून १५ सप्टेंबरची तारीख द्यावी लागली, ती आधीच्या दोन दिवसांत पोर्टल बंदच असल्यामुळे.

जिल्हानिहाय सवलत देता येत नाही असेही ऐकवले जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगली, सातारा, कोल्हापूरसह पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलै महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रांचे विलंब शुल्क २० सप्टेंबरपर्यंत माफ झाले होते. तिथे जमले, मग आयकरात का नाही?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. वाढ द्यायची असेल तर मुदतीच्या किमान २१ दिवस आधी द्यावी, द्यायची नसेल तर तेही तेव्हाच सांगावे. युटिलिटी ज्या दिवशी बिनचूक स्वरूपात प्रसिद्ध होईल, त्या दिवसापासून ठरावीक दिवस मोजून त्या फॉर्मची मुदत ठरावी. यंदा कंपन्यांच्या आणि ऑडिटच्या फॉर्मच्या युटिलिटी किती उशिरा आल्या हे सगळ्यांना माहीत आहे. पोर्टल किती तास बंद होते याची नोंद विभागाने रोज जाहीर करावी आणि तेवढे दिवस आपोआप मिळावेत. मुदत वाढली की २३४ए ची मर्यादाही सोबत सरकावी, एक लाखाची रेघ काढून टाकावी.

तूर्त, ज्यांचे ऑडिट बाकी आहे त्यांनी १५ फेब्रुवारी ही खरी तारीख धरू नये. डीएससीची नोंद आणि ‘माय सीए’ची जोडणी जानेवारीतच उरकावी आणि फॉर्म ५ फेब्रुवारीपूर्वी वर्कलिस्टमध्ये आणून मान्यता द्यावी. सध्या (जानेवारी २०२२) कोविडमुळे खासगी कार्यालयांत निम्मीच हजेरी आहे, ओटीपी येणारा मोबाइल कुणाकडे आहे हे आधी विचारून ठेवावे.

आपले,
काही करसल्लागार व हिशेबनीस
सांगली, १७ जानेवारी २०२२