दीर्घिका दिसत नाही, यात दुर्बिणीचा दोष नाही

माननीय संपादक,
स. न.

दिवाळी आली की खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेल्या दुर्बिणी बाजारात येतात. मुलांसाठी हौसेनं घेतल्या जातात, दोन दिवस चंद्रावरचे खड्डे बघून होतात आणि मग दुर्बीण माळ्यावर जाते. कारण खोक्यावरच्या चित्रातली दीर्घिका (गॅलक्सी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह) काही केल्या दिसत नाही. दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटी ही वापराची कमाल मर्यादा. ६० मिमी भिंगाला १२० पटींच्या पुढे चित्र फक्त मोठं आणि अंधूक होतं. दीर्घिकेला तर तेवढ्याही पटी नकोत. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, नकाशांत ‘एम ३१’) आकाशात सुमारे ३ अंश पसरली आहे. पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश भरतो. १०० पटींच्या आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) साधारण अर्ध्या अंशाचंच आकाश मावतं. हत्तीच्या पोटाला नाक लावून हत्ती शोधण्यातला हा प्रकार.

दुसरी अडचण उजेडाची. तारा हा बिंदू असतो. पटी वाढवल्या की मागचं आकाश काळवंडतं, तारा मात्र जवळपास तसाच राहतो, म्हणून तो शहरातूनही उठून दिसतो. दीर्घिकेचा उजेड पसरलेला असल्यामुळे आकाशाबरोबर तीही फिकी पडते. तेव्हा जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून कृत्तिका, मृगातला तेजोमेघ (हा वायू-धुळीचा ढग पसरट असला तरी पुरेसा तेजस्वी आहे) आणि जोडतारे खुशाल बघावेत. उन्हाळ्यात सप्तर्षींतला वसिष्ठ बघा; अरुंधतीशिवाय त्याला १४ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आणखी एक जोडीदार आहे, तो ६० मिमीच्या दुर्बिणीत ५० पटींना सुटा होतो. फक्त उन्हाळ्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफा सोडतो आणि चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. दहा-अकरानंतर बघितलेलं बरं.

देवयानीसाठी मात्र शहर सोडावं लागतं, आणि आपल्याकडे त्याची तयार तारीख आहे: वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. अक्कलकोट-बार्शीकडची मंडळी त्या दिवशी रानात असतातच. आंबिल-भज्जी झाल्यावर लगेच परतू नये, सूर्यास्तानंतर सव्वा तास थांबावं. साडेसातच्या सुमारास देवयानी उत्तरेकडे जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास असते. मान उंचावून एवढ्या वर बघत राहणं दोन मिनिटंही जमत नाही. चादर अंथरून डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला करून आडवं व्हावं (वडीलधाऱ्यांचीही या दिशेला हरकत नसते) आणि कोपरं जमिनीला टेकवून १०×५० चा (दहा पटी, ५० मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर धरावा. कोपरं अधांतरी राहिली की हाताची थरथर दहा पटीनं दिसते आणि अंधूक डाग त्यातच हरवतो.

पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांच्या ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडेच दोन तारे मोजा. दुसऱ्यापाशी काटकोनात वायव्येकडे वळून आणखी दोन मंद तारे मोजा. त्यातल्या शेवटच्या ताऱ्याच्या पश्चिमेला सव्वा अंशावर लांबट, राखाडी धूसर डाग आहे. तीच देवयानी, २५ लाख प्रकाशवर्षं दूर. रंग दिसणार नाहीत, कारण मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत. फोटोतला रंग हा कॅमेऱ्यानं मिनिटंच्या मिनिटं उजेड साठवल्याचा परिणाम. थेट रोखून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा. डाग लगेच मोठा वाटतो.

एवढं करून दिसलं नाही, तर बहुतेक वेळा कुणीतरी मोबाइल उघडलेला असतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि स्क्रीनच्या एका झगमगाटात ती वाया जातात. बॅटरीवर लाल जिलेटीनचे दोन-तीन थर रबरबँडनं बांधावेत. अमावस्या चुकली तर दिनदर्शिकेत कृष्ण सप्तमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतची संध्याकाळ धरावी. कारखान्यांच्या हंगामात उसाच्या फडाचा धूर क्षितिजालगत साचतो, पण देवयानी उंच असल्यामुळे तिला तो नडत नाही.

मे महिन्यातल्या ओमेगा सेंटॉरीला मात्र धूळ आणि उजेड दोन्ही नडतात. ही दीर्घिका नव्हे, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूरचा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे. लंडनवाल्यांच्या क्षितिजावर तो उगवतच नाही. सोलापुरातून तो जास्तीत जास्त २५ अंश चढतो. म्हणून शहराच्या दक्षिणेला, मंद्रूपच्या पुढे जावं, म्हणजे सोलापूरचा उजेड पाठीशी राहतो. उत्तरेकडच्या तुळजापूर रस्त्यावर थांबलात, तर सगळं शहर त्याच्या आड येईल. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाला चित्रा बरोबर दक्षिणेला असते. हात ताठ धरून वळलेली मूठ म्हणजे १० अंश; चित्रेपासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजल्या की कापसाच्या बोळ्यासारखा डाग सापडतो. १५० मिमीच्या दुर्बिणीत त्याचे कडेचे तारे सुटे दिसू लागतात.

राहिला प्रश्न रस्त्यावरच्या दिव्यांचा. अनेक ठिकाणी एलईडी दिव्याचा ब्रॅकेट वर तिरपा बसवलेला असतो. त्यामुळे उजेड रस्त्याऐवजी समोरच्या घराच्या खिडकीत आणि आकाशात जातो. शिवाय पांढऱ्याशार दिव्यात निळा भाग जास्त असतो आणि तो हवेत जास्त विखुरतो. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. शहराचं तसं काही होणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण यापुढे जे दिवे बसतील किंवा दुरुस्तीला खाली उतरतील, ते काच जमिनीला समांतर ठेवून बसवावेत आणि ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं हे माप दिव्याच्या खोक्यावर असतं) किंवा त्याखालचे पिवळसर घ्यावेत, एवढी मागणी आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपले,
काही हौशी आकाशनिरीक्षक, सोलापूर