‘आपल्याकडे असलं नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका अनुवादित कादंबरीवरून चांगलीच जुंपली आहे. परदेशातलं बंदराचं गाव, ऐन हिवाळा, एकामागून एक बायकांचे खून करणारा माणूस आणि त्याच्या मागावर असलेली एक पोलीस अधिकारी, असा तो मामला. एका पत्रलेखकाला ती ‘एका बैठकीत संपवावी अशी’ वाटली. दुसऱ्यांनी ‘असली विकृती आपल्या मातीतली नव्हे, आपल्याकडे असलं नसतं’ असं ठणकावलं. आणि गेल्या रविवारी एका ज्येष्ठ वाचकांनी तर ती वाचनालयांतून काढून जाळावी असंच सुचवलं. त्यांच्याच पत्रात ‘मी पहिली चाळीस पानं चाळली’ असंही वाक्य आहे. पहिला खून पंचेचाळिसाव्या पानावर आहे, एवढं आधी नोंदवून ठेवते.

मी गणेशपूरला घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवते. डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, एका वेळी दोन पुस्तकं नि एक मासिक, असा साधा कारभार. ही कादंबरी दिवाळीनंतर कोल्हापूरहून आणली, तेव्हापासून ती फळीवर फारशी टेकलेलीच नाही. पुस्तक परत देताना माणूस टेबलापाशी दोन मिनिटं रेंगाळतो आणि जे बोलतो ते पेपरातल्या पत्रात सहसा उतरत नाही. पत्र लिहायला बसलं की तोच माणूस एकदम समाजाबद्दल बोलू लागतो. म्हणून मी ऐकलेलं थोडं सांगते.

आमच्या एक काकू हे पुस्तक न्यायच्या आधी विचारत होत्या, “आक्का, ह्यात त्या कुत्र्याला काय होतंय काय? तेवढं आधी सांगून सोडा.” पोलीस अधिकारी बाईचा एक म्हातारा कुत्रा आहे गोष्टीत. तो शेवटपर्यंत जगतो म्हटल्यावर त्यांनी निवांत पुस्तक पिशवीत घातलं. इतक्या बायका मेलेल्या चालतात आणि कुत्रं मेलेलं चालत नाही, म्हणून कुणाला हसू येईल. मला नाही आलं. पुस्तकातले खून खोटे आहेत हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. कुत्रा मात्र त्यांच्या दारातला आहे. पुस्तक परत आणलं तेव्हा म्हणाल्या, रात्री दोनदा उठून कडी बघून आले. आणि लगेच, “ह्याच लेखकाचं दुसरं काय आहे काय?”

सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आहेत. त्यांना भीती वाटली नाही, राग आला. एका प्रकरणात संध्याकाळी मारलेल्या बाईचं प्रेत हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी घडी घातल्यासारखं पेटीत बसवतो. सिस्टर म्हणाल्या, “कसं बसेल? दोन-चार तासांत अंग ताठायला लागतं, बाराएक तासांत पुरतं लाकूड होतं. दीड-दोन दिवसांनी सैल पडतं. आणि हा तर बर्फाचा प्रदेश, थंडीत सगळं आणखी सावकाश होतंय.” एवढं कडक परीक्षण मी कुठल्याच पुरवणीत वाचलेलं नाही. अंगावर काटा आणायचा उद्योग करणाऱ्या लेखकाला एवढी साधी गोष्ट कुणाला विचारता येऊ नये?

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार फक्त तपास वाचतात, खुनाची पानं सरळ उलटतात. कारण विचारलं तर म्हणाले, “मरताना माणूस एवढं बोलत नाही, ताई.” पुढं त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

उलट आमच्या गल्लीतल्या एका सुनेला त्या खुन्याची कीव आली. त्याच्या लहानपणाचं प्रकरण आहे, त्यात त्याची आई त्याला थंडीत बाहेर कोंडते. ती माझ्यापाशी येऊन दबक्या आवाजात विचारत होती, “मला वाईट वाटलं त्याच्याबद्दल. असं वाटायला नको ना?” वाटलं तर वाटू दे की. कीव आली म्हणून तिनं त्याला निर्दोष सोडलेलं नव्हतं. पकडला तेव्हा बरं वाटलं, हेही तीच म्हणाली. दोन्ही एका वेळी वाटायला लावतं तेवढ्यापुरतं ते पुस्तक चांगलंच आहे.

आता एकोणिसावं प्रकरण. ह्या एका प्रकरणासाठी मी जाळा म्हणणाऱ्यांचा त्रागा समजू शकते. तळघरात कोंडलेल्या बाईची आठ पानं आहेत. माझ्या प्रतीत कुणीतरी ती आठही पानं एकत्र धरून स्टेपलरच्या पिना मारल्या होत्या, पुढच्यानं वाचू नये म्हणून. पुढच्यानं त्या नखानं उचकटून काढल्या. समासात अजून भोकं आहेत. पहिल्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘वाचू नये’ लिहिलंय. त्याच्या खाली निळ्या शाईत ‘का?’ आणि त्याखाली तिसऱ्याच अक्षरात ‘वाचून कळेल’. पुस्तकावर लिहिणाऱ्यांना मी एरवी दंड करते. ह्या तिघांना शोधलं नाही.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी ते प्रकरण वाचून तावातावानं आली. म्हणाली, ती बाई आधीच्या दोनशे पानांत हुशार आहे, बोट चालवते, दारूड्या भावाला सांभाळते, आणि तळघरात गेल्यावर तिला जिना दिसत नाही? “तिला पळता आलं असतं आक्का. लेखकानंच पळू दिलं नाही.” मला हे शंभर टक्के पटलं. त्या आठ पानांत गोष्ट एक पाऊलही पुढं जात नाही. नवीन काही कळत नाही, खुन्याबद्दल नाही की बाईबद्दल नाही. सुऱ्याचं वर्णन तेवढं कळतं. चटणी जास्त झालेल्या कालवणासारखं. चव लपवायला तिखट. ह्याच्या आधीचा तिसरा खून बघा. त्यात रक्ताचा थेंब नाही. आई धक्क्यावर थांबलेली आहे, शेवटची बोट लागते, माणसं उतरतात, खलाशी फळी ओढून घेतो आणि मुलगी उतरलेलीच नसते. मला झोप लागली नाही ती ह्या पानानं. ज्याला हे लिहिता येतं त्यानं एकोणिसावं प्रकरण लिहावं, ह्याची चीड आहे. पण चीड ही लेखकाला सुनावण्याची गोष्ट झाली. त्यासाठी पुस्तकाला काडी लावायचं कारण नाही.

‘आपल्याकडे असलं नसतं’ हे मात्र मी ऐकून घेणार नाही. आमच्या गणेशपुरातून हिंडलग्याकडे चालत निघालं की मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. त्या भिंतीआड कोण कोण होतं ते आपल्याच पेपरात छापून आलेलं आहे. दक्षिण कन्नडचा मोहन कुमार, ज्याला सगळे सायनाइड मोहन म्हणतात, शिक्षा झाल्यावर इथंच होता. व्यवसायानं प्राथमिक शाळेतला शिक्षक. लग्नाचं आमिष दाखवून बायकांना परगावी न्यायचं आणि गर्भ राहू नये म्हणून गोळी सांगून सायनाइड द्यायचं. वीस बायकांच्या खुनाचे खटले चालले त्याच्यावर. उमेश रेड्डी हा तर पोलीस दलात होता. बंगळूरच्या १९९८ मधल्या खुनासाठी त्याला फाशी सुनावली गेली, आणि बेळगावच्या तुरुंगात त्याला वर्षानुवर्षं एकांतात ठेवलं गेलं ह्या कारणानं २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द करून जन्मठेप दिली. ह्या दोघांसाठी बर्फाचं गाव लागलं नाही.

हे कर्नाटकातलं झालं, मराठी माणूस असा नाही, असं कुणी म्हणेल. मग कोल्हापूर बघू, इथून दोन-अडीच तास. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली रेणुका नि सीमा १९९६ साली पकडल्या गेल्या. लहान लेकरं पळवायची, चोरी करताना त्यांची ढाल करायची, आणि नकोशी झाली की मारायची. २००१ साली कोल्हापूरच्या न्यायालयानं मुलींना फाशी सुनावली. दयेचा अर्ज निकालात काढायला इतका उशीर झाला की २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली. आई खटला उभा राहण्याआधीच गेली होती. पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण १९७६-७७ चं, दहा खून, आणि करणारे चित्रकलेचे विद्यार्थी. आमच्या पिढीला ते सांगायला नको. तेव्हा संध्याकाळी दाराची कडी वाजली की घरातली बाई आधी आतूनच नाव विचारायची. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं खूनसत्र तर त्याहून आधीचं, गुप्तधनासाठी.

ही यादी मी चवीनं देत नाही. परदेशी माणसानं मारलं की ‘विकृती’, आणि आपल्याकडच्यानं मारलं की दोन दिवस बातमी नि मग विसर, ही जी सोय आपण करून घेतली आहे ती मला पटत नाही. मोहन कुमारकडे लग्नाच्या आशेनं गेलेल्या बायका साध्या घरातल्या होत्या. त्या नाहीशा होत गेल्या आणि प्रकरण उघडकीला यायला वर्षं लागली, अटक २००९ मध्ये. कुणाची मुलगी ‘पळून गेली’ म्हणून घरच्यांनीच गप्प बसायचं, ही रीत आपल्याकडची आहे. परदेशी लेखकानं ती आणलेली नाही. कादंबरीतली ती पोलीस अधिकारी निदान प्रत्येक बेपत्ता बाईच्या घरी जाऊन तिच्या खोलीत पाच मिनिटं बसते.

तरुण मुलं बघून शिकतील, ह्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. अठराच्या आतल्यांना हे पुस्तक मी देत नाही, आणि आत काय आहे त्याची चिठ्ठी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला डकवलेली आहे: खून, कोंडून ठेवणं, मुलाचा छळ. खाली काकूंसाठी ‘कुत्रा सुखरूप’ अशी ओळही घातली आहे. प्रकाशकांनी मागच्या कव्हरवर ‘थरारक’ असं ओरडण्यापेक्षा असं दोन ओळीत छापलं तर वाचनालयवाल्यांचं काम हलकं होईल. पुस्तक परीक्षणं लिहिणाऱ्यांनीही तेवढं केलं तर बरं.

आणखी एक. आपल्या भागात कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमनी अशी गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, पाहुणे येतात, वाचक कमी झाले म्हणून हळहळतात. गल्लीतला इंग्रजी माध्यमात शिकलेला एक पोरगा, आता कंपनीत लागलाय, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा चारशे पानांचं मराठी पुस्तक वाचून संपवलं ते हेच. खानापूरच्या बसमध्ये वाचायलो होतो, स्टॉप कधी गेला कळलंच नाही, म्हणाला. परवा येऊन त्यानं रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांची जुनी पुस्तकं मागितली. त्याच्या आजोबांकडून नाव ऐकलं होतं म्हणे. माझ्याकडची बरीचशी वाळवीनं खाल्ली आहेत, पण दोन चांगल्या स्थितीतली निघाली. ह्या मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेऊन आपण नेमकं काय वाचवणार आहोत?

जाळा म्हणणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती आहे. चाळीस पानांवर थांबू नका. रोज सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडं असतं, सोमवारी सुट्टी. तुमच्यासाठी डिपॉझिट घेणार नाही. फक्त प्रत सध्या बाहेर आहे आणि तुमच्याआधी सिस्टरांच्या मैत्रिणीनं नाव लावलंय, त्यामुळं नंबर येईपर्यंत थांबावं लागेल.

आपली,
एक वाचनालयवाली, गणेशपूर, बेळगाव