भीमरूपी येतं, मग पाणी का मागता येत नाही?

बर्मिंगहॅम,
१२ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर तू विचारलंस, "भीमरूपी अख्खं म्हणतात, एक अक्षर चुकत नाही, मग पाणी हवं असलं की नुसतं बोट का दाखवतात?" तेव्हाच सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि बाबा शेजारीच बसलेले असतात. त्यांच्या देखत 'यांना असं झालंय, यांना तसं झालंय' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून पत्र. दादाला मोठ्याने वाचायला लावू नकोस, तूच वाच.

बाबा नाटक करत नाहीत, हे आधी शेजारच्या काकूंना सांगून टाक. स्तोत्र म्हणणं आणि पाणी मागणं ही मेंदूच्या लेखी दोन निराळी कामं आहेत. भीमरूपी त्यांनी लहानपणापासून इतकं म्हटलंय की पहिला शब्द तोंडातून आला की पुढचे आपोआप येतात, काही जुळवावं लागत नाही. एक ते वीस आकडे, वारांची नावं, 'अरे देवा', शिव्यासुद्धा त्याच जातीच्या. 'मला पाणी दे' हे मात्र दर वेळी नव्याने घडवावं लागतं. काय हवंय ते ठरायला हवं, त्याचा शब्द हजारो शब्दांतून सापडायला हवा, त्याचे आवाज ओळीने लागायला हवेत, आणि मग जीभ, ओठ, टाळू, श्वास यांना हुकूम जायला हवा. धडधाकट माणसाला समोरच्या चित्राचं नाव घ्यायला जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यात हे सगळं उरकतं! बाबांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला तेव्हा हे घडवण्याचं काम दुखावलं. यालाच वाचाघात म्हणतात. उजवा हातही त्यामुळेच लुळा पडला. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, आणि बहुतेकांची भाषाही मुख्यतः तिकडेच असते.

आम्हाला शिकताना एका फ्रेंच कारागिराची गोष्ट सांगत, ती तुला सांगायलाच हवी. लबोर्न त्याचं नाव, बुटांचे लाकडी साचे करायचा. ऐन तिशीत त्याची वाचा गेली आणि तो पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या रुग्णालयात राहायला आला. काहीही विचारा, उत्तर एकच, 'तां तां'. सगळे त्याला तां म्हणूनच हाक मारत. १८६१ च्या एप्रिलमध्ये पाय चिघळला म्हणून त्याला पॉल ब्रोका या सर्जनकडे आणलं. ब्रोकाने विचारलं, इथे येऊन किती वर्षं झाली? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र त्याच्या ध्यानात आलं की आपली परीक्षा चाललीय. तो असा भडकला की देवाच्या नावाने खणखणीत शिवी हासडली! एरवी 'तां' च्या पुढे न जाणारा माणूस. थोड्याच दिवसांत तो वारला. त्याच्या मेंदूत कपाळाच्या मागे, डाव्या बाजूला इजा सापडली आणि त्या जागेला ब्रोकाचं नाव मिळालं. तो मेंदू न कापता जपून ठेवला होता म्हणून बरं. २००७ साली त्याची एमआरआयची चित्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून बरीच आतपर्यंत गेली होती. भाषा एका ठिपक्यात बसत नाही. कितीतरी भाग आणि त्यांना जोडणारे तंतू मिळून ते काम करतात.

ब्रोका मोठाच, पण मला तो चिडलेला कारागीर जास्त जवळचा वाटतो. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांच्या पुढ्यात बसून 'ओळखलंत का मला? सांगा बरं, मी कोण?' सुरू करतो. ते बंद कर. ओळखलेलं असतं त्यांनी, नाव बाहेर येत नाही. परवा ते आत्याच्या यजमानांवर खेकसले म्हणालीस, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

याच्या उलटही एक तऱ्हा असते. कार्ल वेर्निकेने १८७४ मध्ये ती मांडली. माणूस घडाघडा बोलतो, सूर अगदी गप्पांचा, पण शब्दांना अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट पोचत नाही. बाबांचं तसं नाही. लांबलचक, गुंतागुंतीचं वाक्य त्यांना जड जाईल, साधं बोलणं कळतं.

आता तुमच्या घाईबद्दल. दहा भाषांतल्या गप्पा मोजून पाहिल्या, तेव्हा एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा साधारण एक पंचमांश सेकंदात सुरू होतो असं दिसलं. म्हणजे एक शब्द तयार व्हायला लागतो त्याहूनही कमी वेळ. समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं पुढचं ओळखून आपलं उत्तर जुळवत असतो. त्यामुळे दोन सेकंद शांतता पडली तरी आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि आपण मध्ये तोंड घालतो. दादा तर हमखास घालतो. बाबांना शब्द सापडत आलेला असतो, तेवढ्यात तो 'चहा? पेपर? पंखा?' असा मारा करतो. प्रश्न विचारला की मनात सावकाश दहापर्यंत मोज. टीव्ही बंद ठेव. एका वेळी एकानेच बोलायचं. आवाज चढवू नका, त्यांच्या कानांना काही झालेलं नाही.

परवा त्यांनी पाण्याला 'नीरु' म्हटलं म्हणून तू घाबरलीस. अथणीतलं बालपण त्यांचं, कानडी त्यांच्या तोंडी मराठीइतकीच जुनी. दोन भाषांच्या माणसाला वाचाघात झाला तर कधी दोन्ही बरोबरीने सुधारतात, कधी एक पुढे जाते. लहानपणीची आधी येते असं कुणी म्हणालं, रोजच्या वापरातली आधी येते असं कुणी म्हणालं. दोन्ही नेम सगळ्यांना लागू पडत नाहीत. नीरु म्हणाले तर पाणी दे. 'मराठीत सांगा' म्हणू नकोस.

स्तोत्राने बोलणं परत येईल का, हेही विचारलं होतंस. नुसत्या स्तोत्राने नाही येणार. पण सुराचा उपयोग होतो. बोस्टनमध्ये १९७३ च्या सुमारास एक पद्धत निघाली. रोजच्या कामाचं छोटं वाक्य दोन सुरांत म्हणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. सराव केलेली वाक्यं अशी येऊ शकतात. मिरजेच्या थेरपिस्ट बाईंना विचारून 'पाणी दे' आणि 'मला झोपायचंय' एवढ्यापासून सुरू करा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, म्हणून रोज थोडं थोडं करा, दोघं दमेपर्यंत नको. पुढेही ती थांबत नाही, पण तेव्हा धीर जास्त लागतो.

एक राहिलं. त्यांचं हो आणि नाही यांवर एकदम विसंबू नकोस, मान एकीकडे हलते आणि मनात दुसरंच असतं. वस्तू दाखवून पुन्हा विचार. सोबत चित्रांची पानं पाठवतेय, दादाकडून लॅमिनेट करून घे. चष्म्याचं चित्र नाहीये, आपल्याच चष्म्याचा फोटो लाव. बाबांना कुठे काय ठेवायचं ते विचारूनच पानं लावा, आणि बिनसाखरेच्या चहाचं पान त्यांनी फेकून दिलं तर माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
शुभा