उंच पावलाची रड

फोंडा, गोवा
व्हडल्या दिवाळीचा (तुळशीच्या लग्नाचा) दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल हातात पडलं, ते ऐन तुळशीच्या लग्नाच्या धांदलीत. ऊस आणायचा, दिंड्याची काठी शोधायची, चिंचा-आवळे बांधायचे, आणि भटजी तर तीन घरं उरकून आमच्याकडे येणार. अंतरपाट धरल्याधरल्या खिशातून पाकीट काढून वाचलं आणि ऐन मंगलाष्टकांत हसू फुटलं. हिने डोळे वटारले. तिला नंतर वाचून दाखवलं : ‘‘बूट देखणे आहेत, पण पाय आत जाताना अडलेल्या बाळंतिणीसारखा कण्हतो आणि गेलेला पाय बाहेर यायला तयार नसतो.’’ ती म्हणाली, हे तर तुमचंच गेल्या वर्षीचं पुराण. खरं आहे. म्हणून आज सकाळी उरलेल्या चुरमुऱ्यांची बशी पुढ्यात घेऊन लिहायला बसलोय. पत्र लांबेल, सोसून घे.

आधी एक सांग. आंघोळीनंतर ओल्या पायाने फरशीवर उभा राहा आणि ठसा बघ. टाच उमटेल, चवडा उमटेल, आणि मधे बाहेरच्या कडेने एक बारीक रेघ, कदाचित तीही नाही. आमच्या जुन्या घराच्या लाल कोब्यावर बाबांचे असेच ठसे उमटायचे, एका पावलाचे दोन तुकडे. आई म्हणायची, ‘‘हा माणूस जमिनीला पुरता टेकतच नाही.’’ माझेही तसेच. तळव्याची कमान उंच म्हणजे वरचा उंचवटाही बहुधा उंच, इंग्रजीत त्याला इनस्टेप म्हणतात. बाबा जन्मभर वहाणांवर राहिले. बूट एकदाच घातले, लग्नात. होमाला बसताना काढले ते पुन्हा घातलेच नाहीत. घरातल्या सगळ्यांना तो साधेपणा वाटायचा. मला आता कळतं की तो पाय होता.

आपल्याला लहानपणापासून एकच मंत्र मिळाला : घालून घालून सैल होतील. या मंत्रावर माझा आता राग आहे, कारण तो अर्धा खरा आहे. चामडं सैल होतं, पण आडवं. चवड्याच्या रुंदीला ते मानतं, जिथे घडी पडते तिथे मऊ होतं. लांबीला ते वाढत नाही. तेव्हा तुझी बोटं पुढे टेकत असतील तर हे पत्र इथेच ठेव आणि बूट परत कर. संध्याकाळी घालून बघ मात्र, सकाळी नको. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी खोटा ठरतो.

बोटं मोकळी असतील आणि रग फक्त वरच्या उंचवट्यावर असेल, तर मात्र तू माझ्याच होडीत आहेस.

माझी फजिती ऐक. गेल्या वर्षी पाऊस सरता सरता घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे, नाडीचे बूट घेतले. डिसेंबरात रानात हिंडायचं होतं. आणि शहाणपण असं सुचलं की दिवाळीला नरकासुराचा पुतळा जाळतात त्या रात्री घालून निघालो. तुला ती रात्र माहीत आहे, संध्याकाळी निघालेला माणूस पहाटे असुर जळाल्यावरच घरी येतो. ढोल-ताशे, डीजे, गर्दी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मध्यरात्रीपर्यंत दुखत होतं. मी नाडी आणखी आवळली, कारण वाटलं पाय आत हलतोय म्हणून दुखतोय. दोनच्या सुमाराला दुखायचं थांबलं. मला वाटलं, झाले सैल!

पहाटे अभ्यंगाआधी तुळशीपुढे कारीट, ते कडू रानफळ, ठेवलं, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याने दाबलं, आणि फुटलं की नाही तेच कळेना. खाली बघितलं तर बिया अंगठ्याला चिकटलेल्या. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात शुद्धच नव्हती. दुखणं थांबलं होतं ते एवढ्यासाठी. फोव, म्हणजे दिवाळीचे पोहे, खायला बसलो तर घास घशाखाली उतरेना, डोक्यात एकच, हा पाय परत येणार की नाही. चार दिवस लागले.

हाडांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. घोट्याच्या पुढून एक नस पावलाच्या वरून उतरते आणि नेमकी त्याच बेचक्याला संवेदना देते. तिथे मांस जवळजवळ नाहीच, खाली हाड आणि वर कातडी. त्यावरून नाडीची फुली घट्ट बसली की नस चेपते. तेव्हा बेचक्यात मुंग्या आल्या की बूट तिथल्या तिथे काढायचा, मग रस्ता असो की लग्नाचा मांडव. आणि तुझी साखर काठावर आहे असं वहिनी मागे म्हणाल्या होत्या, म्हणून हक्काने दटावतो : तू फोड येईपर्यंत दामटायचं नाही. साखरवाल्याला पायाची जखम उशिरा कळते आणि उशिरा भरते. रोज रात्री तळवा आरशात बघ. हसू नकोस.

डॉक्टरांकडून निघालो तो बूट पिशवीत घालून थेट बाजारात, आपल्या त्या मोच्याकडे. माणूस मूळचा धारवाडकडचा, पण कोकणी बोलतो ती आपल्याला लाजवेल अशी. त्याने बूट हातात घेतला, वाकवला, नाकाशी नेला आणि मग माझ्या पायाकडे बघितलं. बुटाकडे बघून काहीच बोलला नाही. पायाकडे बघून म्हणाला, ‘‘बाब, चामडें आयकता. तूंच आयकना.’’

मग त्याने नाडी पूर्ण उपसून काढली, आणि मला वाटतं निम्मं दुखणं तिथेच गेलं. आपण नाडी खालून वर फुल्या मारत ओवतो. त्याने खालच्या दोन जोड्या नेहमीसारख्या ओवल्या, आणि जिथे माझा उंचवटा येतो तिथे फुली मारलीच नाही. नाडी त्याच बाजूने सरळ वर नेऊन पुढच्या भोकात घातली आणि तिथून पुन्हा फुल्या सुरू. म्हणजे उंचवट्यावर एक चौकोनी खिडकी राहिली. पाय वर-खाली धरलेला, पण हाडावर दोरी नाही. एवढंच! पंचेचाळीस वर्षं मी नाड्या बांधतोय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं त्याने दाखवलं ते बुटाचे दोन पाळे, म्हणजे नाडीची भोकं असलेले दोन बाजूंचे पदर. माझ्या बुटाचे पाळे वरून शिवलेले आहेत, दाराच्या फळ्यांसारखे उघडतात. अशा बुटाला डर्बी म्हणतात. ऑक्सफर्ड जातीच्या बुटात पाळ्यांची खालची टोकं पुढच्या चामड्याखाली जाऊन बंद होतात, त्यामुळे उंच पाऊल तिथे अडतंच. तुझे कोणते आहेत ते बघून कळव. पाळे वरून असतील तर आशा आहे. मधे दोन-तीन बोटांची फट राहिली तरी लाजू नकोस. दुकानात ते वाईट दिसतं, पायाला बरं वाटतं. खालून बंद असतील तर तो बूट मोच्याच्या फर्म्यावर चढवूनही फार सोडणार नाही. आणि बाजूला इलास्टिक असलेले, नाडीच नसलेले चेल्सी बूट तर आपल्यासारख्यांनी लांबूनच नमस्कार करावेत. त्यात पाय घालणं म्हणजे मडक्यात हात घातलेल्या माकडाची गत.

तिसरं म्हणजे आतली जागा. बुटात सुटी गादी असेल तर काढून बघ. माझ्यात चार मिलिमीटरची फोमची होती, ती काढून पातळ चामड्याची घातली. पाय तेवढा खाली बसला आणि वरचं छत तेवढं उंच झालं. गंमत अशी की उंच कमानीच्या पायाचं वजन टाच आणि चवडा या दोनच ठिकाणी पडतं, म्हणून त्याला खालून आधार तर हवाच असतो. पण जाड आधार घातला की पाऊल पुन्हा छताला टेकतं. या कात्रीत मी महिनाभर होतो. शेवटी पातळच ठेवली आणि घरात अनवाणी फिरणं कमी केलं. बुटाची जीभही चाचपून बघ. तिच्यात जाड भरणी असेल तर मोची ती उसवून पातळ करून देतो.

मग त्याने बूट चार दिवस ठेवून घेतले. लाकडी फर्मा, त्यावर उंचवट्याच्या जागी चामड्याच्या चकत्यांची थप्पी, आतून हलका ओलावा, आणि रोज स्क्रूचा थोडा पीळ. रोज थोडा, एका दिवसात नाही. मी घाई केली तर म्हणाला शिवण उसवेल, मग माझ्या नावाने बोंब नको.

घरी आणल्यावर मी जे केलं ते अगदी कंटाळवाणं आहे. जाड लोकरी मोजे, पहिले तीन दिवस अर्धा तास, तोही स्वयंपाकघर ते पडवी. मग तास. मग बाजारापर्यंत, पिशवीत चप्पल घेऊन. तीन आठवडे लागले. सोल ताठ असेपर्यंत टाच आत थोडी उचलते, ते बघून घाबरू नकोस आणि मुख्य म्हणजे त्यासाठी नाडी आवळू नकोस. सोल वाकायला लागला की टाच आपोआप बसते.

लोक सल्ले देतील. माझ्या चुलतभावाने प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती बुटात घातली आणि बूट फ्रीजरमध्ये ठेवला. गोठताना पाणी साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं, तेव्हा युक्ती अगदीच वेडगळ नाही. पिशवी फाटली. त्याच्या बायकोला बांगडे माशांच्या शेजारी बूट सापडला. पुढचं तूच समज. शेजारच्या काकांनी खोबरेल सुचवलं. कोल्हापुरीला तेल चालतं, ते झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं, ते तेल पिऊन मऊ होतं. बुटाचं आजकालचं चामडं बहुधा क्रोमने कमावलेलं असतं. खोबरेल फासलंस तर ओशट राहील, धूळ धरेल, आणि आमच्या हवेत वर बुरशीची पांढरी साय येईल. केस वाळवायचं यंत्र, चूल, कडक ऊन, काहीही लावू नकोस. तापलं की चामडं आकसतं आणि ताठरतं, म्हणजे जे सोडवायला निघालास तेच घट्ट. ओले झाले तर रद्दी कोंबून पंख्याखाली ठेव, कागद दोनदा बदल. पावसाळ्यात तर मी ते चक्क तांदळाच्या डब्यांच्या खोलीत, दिव्याखाली ठेवले होते. हिला ते अजून पटलेलं नाही.

आता माझे बूट कसे आहेत विचारशील. यंदाच्या नरकासुराला तेच घालून गेलो. पहाटे घरी आलो, कारीट ठेवलं, अंगठ्याने दाबलं, आणि तो कडू चिकट गर असा काही गार लागला की मी ओरडलोच. ही आतून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, लागलं.

डिसेंबरात गोवा एक्सप्रेसने ये. मडगावला मी येतो घ्यायला. तांबडी सुर्ल्याला जाऊ, त्या कदंब राजांच्या काळातल्या काळ्या दगडाच्या देवळापाशी, तिथून पुढे रानात. देवळात शिरताना बूट बाहेरच काढावे लागणार, तेव्हा नाड्या सोडायला-बांधायला वेळ धरून ठेव. येण्याआधी एक काम कर, कागदावर उभा राहून पावलाभोवती पेन्सिल फिरव, आणि उंचवट्यावरून सुतळीचा एक वेढा घेऊन तेवढी सुतळी पाकिटात घाल. मोच्याला दाखवून ठेवतो.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, बूट घरात घालून फिरलास तर ओरडू नका, औषध चालू आहे.

तुझाच,
दोन तुकड्यांच्या ठशाचा